मार्च-एप्रिलमधले परतीचे स्थलांतर: नेमके काय पाहायचे?

प्रश्न असा आहे: वसंतात पक्ष्यांचे स्थलांतर जोरात असते असे सगळीकडे वाचायला मिळते. म्हणून मार्च लागल्यापासून दर आठवड्याला गावाजवळच्या तलावावर जातो, पण पक्षी वाढायच्या ऐवजी कमीच होत चालले आहेत. जागा चुकते आहे की वेळ? वसंतातले स्थलांतर पाहायचे तर कुठे जायचे आणि काय पाहायचे?

तुमची जागा बरोबर आहे आणि वेळही बरोबर आहे. तुम्ही जे वाचले ते बहुधा युरोप-अमेरिकेतल्या निरीक्षकांसाठी लिहिलेले असावे. त्यांच्याकडे वसंतात पक्षी येतात. आपल्या दख्खनवर, कोकणात, विदर्भात हेच पाहुणे ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने येतात आणि फाल्गुन-चैत्रात परत निघतात. तलाव रिकामा होत जाणे हेच आपल्याकडचे वसंत स्थलांतर. ते तुमच्या डोळ्यांसमोर चालले आहे, फक्त पाहायची रीत बदलावी लागेल.

आलेला पक्षी ओळखणे सोपे असते, काल नव्हता आणि आज आहे. गेलेल्या पक्ष्याचे तसे नसते. आज दिसलेला पक्षी शेवटचा होता की नाही, हे आठ-पंधरा दिवसांनीच कळते. त्यामुळे या दिवसांत नवे पक्षी शोधत हिंडण्यापेक्षा असलेल्या पक्ष्यांची निघायची तयारी पाहायला शिका. ती तयारी त्यांच्या पिसांत दिसते, पोटात दिसते, आवाजात ऐकू येते आणि संध्याकाळच्या वागण्यात उमटते. मला विचाराल तर हिवाळ्याच्या ऐन गर्दीपेक्षा हे सहा-सात आठवडे पक्षीनिरीक्षकाला जास्त शिकवतात. संख्या कमी असते, त्यामुळे एकेका पक्ष्याला वेळ देता येतो.

आधी थोडे कारणाबद्दल. आपल्याकडे मार्चमध्ये अन्न संपलेले नसते. उजनीसारख्या जलाशयाचे पाणी ओसरून उलट नवा चिखल उघडा पडत असतो. तरीही पक्षी निघतात, कारण त्यांना निघायला लावणारी गोष्ट इथल्या अन्नाशी बांधलेली नाही, ती दिवसाच्या लांबीशी आणि त्यांच्या शरीरातल्या वार्षिक घड्याळाशी बांधलेली आहे. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२०च्या दशकात जंको नावाच्या छोट्या पक्ष्यांवर प्रयोग केले. कडाक्याच्या थंडीत उघड्यावरच्या पिंजऱ्यांत विजेचे दिवे लावून त्यांनी दिवस लांबवला, आणि बाहेर बर्फ असतानाही पक्ष्यांच्या जननग्रंथी वसंतात वाढतात तशा वाढल्या. पुढे जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी वटवट्यांना (वॉर्बलर या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांना) महिनोन्‌महिने एकसारख्या प्रकाशात आणि एकसारख्या तापमानात ठेवले. तरी त्यांचे पिसे बदलणे आणि स्थलांतराच्या वेळची अस्वस्थता साधारण वर्षाच्या अंतराने येतच राहिली. म्हणजे घड्याळ आत आहे, आणि दिवसाची लांबी ते जुळवून घ्यायला मदत करते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात १२ तासांहून थोडा मोठा. आपल्याला हा फरक जाणवतही नाही, पक्ष्याच्या शरीराला तो पुरतो.

यातून एक काळजीची गोष्टही निघते. भीमेच्या काठी हिवाळा काढणाऱ्या पक्ष्याला सैबेरियात यंदा बर्फ लवकर वितळले आहे हे इथे बसून कळण्याचा मार्ग नाही. नेदरलँड्समधल्या पाइड फ्लायकॅचरच्या अभ्यासात हीच अडचण दिसली: तिथला वसंत लवकर येऊ लागला, पण आफ्रिकेतून येणारे पक्षी त्या प्रमाणात लवकर पोहोचेनात, आणि पिल्लांना लागणाऱ्या अळ्यांचा बहर गाठणे अवघड होऊ लागले. आपल्याकडून कोणता पक्षी कधी निघतो याच्या नोंदी महत्त्वाच्या ठरतात त्या यामुळे. त्याकडे पुढे येतो.

आता पिसे. मार्च-एप्रिलमध्ये माझा सर्वाधिक वेळ धोब्यांवर जातो. हिवाळाभर मळकट करडा-पिवळा दिसणारा पिवळा धोबी या दिवसांत विणीचा वेष चढवू लागतो आणि त्याच्या उपजाती उलगडतात. कुणाचे डोके गडद राखी आणि कानाजवळ काळपट, ती थनबर्गी. कुणाचे डोके फिकट निळसर राखी आणि डोळ्यावर पांढरी भुवई, ती बीमा. कुणाचे डोके थेट मानेपर्यंत काळेभोर, ती फेल्डेग. डिसेंबरात यांच्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मार्चअखेरीस एकाच ओल्या शेतात तीन प्रकारचे नर शेजारी-शेजारी चरताना दिसू शकतात. माद्या आणि पहिल्या वर्षाचे पक्षी तेव्हाही गोंधळात टाकतात, त्यांना निव्वळ पिवळा धोबी म्हणून नोंदवा. सिट्रिन वॅगटेलचा नर या दिवसांत लिंबासारख्या पिवळ्या डोक्याचा होतो. त्याची पाठ राखी आहे की काळी ते बघायला विसरू नका, काळ्या पाठीचा असेल तर ती कॅल्कराटा उपजात. पांढऱ्या धोब्यातही असेच. त्याच्या एका उपजातीचे नावच दुखुनेन्सिस, म्हणजे दख्खनची. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली तेव्हा हे नाव दिले. हा पक्षी वीण करतो दूर उत्तरेला, पण शास्त्रात त्याची ओळख आपल्या पठारावरून झाली. या गोष्टीचे मला अजून अप्रूप आहे.

रंग बदलण्याच्या दोन तऱ्हा लक्षात ठेवा. काही पक्षी खरोखर पिसे टाकून नवी आणतात. धोबी आणि किनारपक्षी यांत येतात. काहींची पिसे तीच राहतात, फक्त त्यांच्या कडा झिजतात. सैबेरियन स्टोनचॅट, म्हणजे आपला गप्पीदास, शरद ऋतूत येतो तेव्हा डोक्याच्या काळ्या पिसांना तपकिरी किनार असते. हिवाळाभर ती घासत जाते आणि मार्चमध्ये खालचा काळा रंग उघडा पडतो. भोरड्यांचेही तेच. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या भोरडीच्या मळक्या किनारी झिजल्या की एप्रिलमध्ये गुलाबी आणि काळा असे स्वच्छ दोन रंग दिसतात. छायाचित्रे काढत असाल तर एकाच जागेवरच्या गप्पीदासाचे दर आठवड्याला एक छायाचित्र काढून ठेवा. झीज कशी पुढे सरकते ते त्यात दिसते, आणि अशी मालिका फारशा कुणाकडे नसते.

किनारपक्ष्यांत तर या काळात कायापालट होतो. हिवाळ्यात नवशिक्यांना सगळे सारखेच राखी वाटणारे हे पक्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत एकेक वेगळे होतात. कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल होतो. डनलिनच्या पोटावर काळा डाग येतो. पॅसिफिक गोल्डन प्लोव्हरची छाती-पोट काळे पडू लागते आणि पाठीवर सोनेरी ठिपके उठतात. सँड प्लोव्हरच्या छातीवर तांबूस पट्टा आणि डोळ्यावर काळी पट्टी येते. ब्लॅक-टेल्ड गॉडविटची मान नारिंगी होते. लिटल स्टिंटच्या राखी अंगावर तांबूस छटा चढते. एकाच थव्यात पूर्ण रंगलेला, अर्धा रंगलेला आणि अजिबात न बदललेला असे तिन्ही असतात, आणि खरी मजा त्या अर्ध्यामुर्ध्या पक्ष्यांत आहे. पुस्तकातल्या चित्रांत ते नसतात. अशा वेळी रंग बाजूला ठेवा आणि चोचीची लांबी, चोचीचा बाक, पायांची उंची, चिखलात टोचायची पद्धत यांवरून ओळख पटवा.

कुरवांकडेही (गल पक्ष्यांकडेही) पाहा. पलासचा कुरव सगळ्यांच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीतच काळी टोपी घालतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाची टोपी मार्चमध्ये भरते. कोकणकिनारी किंवा उजनीवर फेब्रुवारीत पूर्ण काळ्या डोक्याचा थोराड कुरव दिसला तर तो लवकर निघणार आहे असे समजा.

दुसरी खूण पोट. याबद्दल फार कमी बोलले जाते, पण दुर्बिणीतून दिसणारी ही सर्वांत थेट खूण आहे. लांबच्या उड्डाणाचे इंधन म्हणजे चरबी. छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांत काहींचे वजन निघण्यापूर्वी दीडपट, क्वचित दुपटीपर्यंत जाते. किनारपक्षी आणि हंसवर्गीयांत ही चरबी पोटाच्या मागच्या भागात साठलेली बाहेरूनही दिसते. पक्षी बाजूने उभा असताना पायांच्या मागून शेपटीपर्यंतची पोटाची रेषा बघा. जानेवारीत ती सपाट किंवा आत गेलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये ती फुगत जाते, आणि निघायच्या बेतात असलेल्या पक्ष्याचे पोट पायांमागे अक्षरशः लोंबते. अभ्यासक या रेषेला आकडे देऊन तिची पद्धतशीर नोंद ठेवतात. तुम्हालाही करता येईल: सपाट, किंचित फुगीर, चांगले फुगीर, लोंबते, अशा चार पायऱ्या पुरेत. थव्यातले दहा-बारा पक्षी नीट पाहून कोण कोणत्या पायरीवर आहे ते लिहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच. थवा कधी निघणार याचा अंदाज यायला लागतो.

शरीर आतूनही बदलत असते. गॉडविटसारखे लांब पल्ल्याचे किनारपक्षी आधी भरपूर खातात, त्यासाठी पचनाचे अवयव वाढवतात, आणि उड्डाणाच्या तोंडावर तेच अवयव आक्रसून घेतात, कारण हवेत ते नुसते ओझे असते. उड्डाणाचे स्नायू आणि हृदय मात्र वाढते.

तिसरी गोष्ट आवाज. ब्लिथचा वटवट्या हिवाळाभर झुडपातून कोरडे 'चक्‌, चक्‌' करत असतो, दिसत जवळपास नाही. मार्चच्या मध्यानंतर पहाटे त्याच झुडपातून हळू आवाजातले, अडखळणारे, इतर पक्ष्यांच्या नकला मिसळलेले गाणे ऐकू येऊ लागते. तो इथे वीण करणार नाही. गाण्याची तालीम तेवढी इथे सुरू होते. हिरवट वटवट्याही हिवाळाभर आपल्या ठरलेल्या झाडांचा पट्टा दोन स्वरी आवाजाने राखतो, आणि निघण्याआधी कधीकधी पूर्ण गातो. ब्लूथ्रोटचा नर घशावरची निळी-तांबूस पट्टी नीट भरली की बांधावर उघड्यावर येऊन बसायला लागतो. हे ऐकायचे असेल तर सूर्योदयापूर्वी पोहोचा. साडेआठनंतर काही उरत नाही.

आणि चौथी खूण, संध्याकाळ. बहुतेक लोक सकाळी येतात आणि नऊला परततात, म्हणून त्यांना प्रत्यक्ष निघणे कधीच दिसत नाही. बदके, किनारपक्षी आणि छोटे गाणारे पक्षी बहुतांश रात्रीचा प्रवास करतात. हवा थंड आणि स्थिर असते, शिकारी पक्ष्यांचा त्रास नसतो, दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. किनारपक्ष्यांचे थवे अनेकदा सूर्यास्ताच्या आधीच्या तास-दीड तासात निघतात. आधी चिखलावरची चरण्याची लगबग थांबते. पक्षी अंग साफ करतात, आंघोळ करतात, एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. मग ओरड वाढते. एक गट उठतो, घिरट्या घालत वर जातो, त्यातले काही परत खाली उतरतात. पुन्हा एक गट उठतो. चरायची जागा बदलणारा थवा पाण्यालगत उडतो आणि जवळच कुठेतरी बसतो; प्रवासाला निघालेला थवा ओरडत उंच-उंच जातो, रांग किंवा तिरका पाचरीसारखा आकार धरतो, आणि दुर्बिणीत ठिपका होईपर्यंत दिशा बदलत नाही. हे दृश्य मोजक्याच संध्याकाळी मिळते. मार्चअखेर ते एप्रिलमध्यापर्यंत, आकाश निरभ्र आणि वारा मंद किंवा पाठीमागून असेल त्या संध्याकाळी थांबा. वारा समोरून जोराचा असेल किंवा अवकाळीचे ढग भरून आले असतील तर पक्षी सहसा थांबतात, आणि मग वातावरण निवळल्यावर एकदम तलाव मोकळा झालेला दिसतो.

उलट कांड्या करकोचे, गरुड, भोवते (हॅरियर हे शिकारी पक्षी) दिवसा जातात. त्यांना तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा आधार लागतो, म्हणून त्यांचे निघणे दहा-अकराच्या पुढचे. माळरानावर त्या वेळी नजर वर ठेवा. रातथाऱ्यावर भोवत्यांची संख्या रोज कमी होते आहे का ते संध्याकाळी मोजता येते. उपग्रहाद्वारे माग ठेवलेले माँटेग्यूचे भोवते आपल्या गवताळ भागांतून थेट कझाकस्तानपर्यंत गेलेले आहेत, त्यामुळे त्या मोजणीत एक कमी झाला म्हणजे तो किती लांबच्या वाटेला लागला असेल याची कल्पना करा.

कोण कधी जाते हे ढोबळमानाने सांगतो. तारखा दरवर्षी पुढे-मागे होतात, आणि विदर्भात-कोकणात फरक असतो. पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) आणि कांड्या करकोचे सर्वांत आधी, फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत. पट्टकादंबांना वाटेत हिमालय ओलांडायचा असतो. उपग्रह-यंत्रे लावून केलेल्या अभ्यासात त्यांची ७,२९० मीटर उंचीवरची नोंद मिळाली, पण त्याच अभ्यासाने हेही दाखवले की ते बहुतेक वेळ साडेपाच हजार मीटरच्या खाली, दऱ्याखिंडींतून, जमिनीचा चढउतार धरून आणि बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे उडतात. थंड हवा दाट असते, तिच्यात उडणे स्वस्त पडते. एव्हरेस्टवरून उडणारे हंस ही गोष्ट ऐकायला छान आहे, प्रत्यक्षातली काटकसर मला जास्त थोर वाटते.

त्यांच्यामागून तलवार बदके, गडवाल, चक्रवाक. थापट्या आणि भुवई बदक रेंगाळतात. भुवई बदक तर सर्वांत आधी येणाऱ्यांत आणि सर्वांत शेवटी जाणाऱ्यांत मोडते, एप्रिलअखेरही दिसू शकते. मार्चमध्ये भोवते, धोबी, चंडोलांपैकी शॉर्ट-टोड लार्कचे थवे, गप्पीदास, ब्लूथ्रोट. मार्चअखेर ते एप्रिलमध्यात भारीट, भोरड्या, वटवट्या, माळभिंगऱ्या आणि बहुसंख्य किनारपक्षी. नर बऱ्याच जातींत माद्यांच्या आधी निघतात, कारण वीण करायच्या ठिकाणी चांगली जागा आधी पोहोचणाऱ्याला मिळते. परतीचा प्रवास एकूणच शरद ऋतूतल्या प्रवासापेक्षा जलद असतो, त्याचेही कारण हेच. म्हणून थव्यातले नर-मादी प्रमाण जिथे ओळखता येते तिथे, बदकांत आणि भारिटांत, ते जरूर लिहा.

भोरड्यांसाठी एक वेगळा दिवस ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असते. एक चांगले फुललेले झाड निवडून सकाळी दीड-दोन तास त्याखाली, थोडे लांब, बसून राहा. मधाला येणाऱ्या भोरड्यांची कपाळे आणि गळे परागकणांनी माखलेली दिसतात. संध्याकाळी त्यांचे थवे आभाळात आकार बदलत फिरतात आणि निघण्याच्या आधीच्या दिवसांत ते जास्तच मोठे होतात. ज्वारीच्या शेतकऱ्याला हा पक्षी नकोसा वाटतो हे खरे आहे. पण हाच पक्षी मध्य आशियात पिल्लांना टोळ आणि नाकतोडे भरवतो, आणि चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांवर उपाय म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम घरटी करायच्या जागा बांधल्या गेल्या आहेत.

काही पक्षी मात्र वसंतात शोधू नका. युरोपियन रोलर, स्पॉटेड फ्लायकॅचर, रेड-बॅक्ड श्राइक, रूफस-टेल्ड स्क्रब रॉबिन हे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरात आफ्रिकेकडे जाताना कच्छ-राजस्थानातून जातात. परतताना त्यांची वाट वेगळी, जास्त पश्चिमेकडून, त्यामुळे वसंतात ते आपल्या बाजूला क्वचितच सापडतात. जायची एक वाट आणि यायची दुसरी, हे अनेक पक्ष्यांत आहे. याच्या उलट अमूर ससाणे एप्रिल-मेमध्ये आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून भारतावरून चीन-रशियाकडे जातात, पण नागालँडात ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसते तशी गर्दी तेव्हा कुठे होत नाही. मंगोलियात यंत्र लावलेल्या ओनॉन नावाच्या कॉमन ककू या कोकिळकुळातल्या पक्ष्यानेही २०२० च्या वसंतात झांबियाहून मंगोलियाला जाताना अरबी समुद्र असाच पार केला. एप्रिलअखेर ते मेमध्ये आपल्या झाडीत नवरंग दिसू लागतो. तो दक्षिण भारत आणि श्रीलंकेतून उत्तरेकडे सरकत असतो, आणि आपल्यासाठी वसंतात 'येणाऱ्या' मोजक्या पक्ष्यांपैकी एक आहे.

नोंदींबद्दल मी आग्रही आहे. भारतात पहिल्या आगमनाच्या नोंदी उत्साहाने होतात, शेवटच्या दिसण्याच्या फार कमी. २००७ मध्ये मायग्रंटवॉच हा उपक्रम सुरू झाला तेव्हापासून सामान्य निरीक्षकांच्या तारखांना शास्त्रीय किंमत आहे हे आपल्याकडे रुजू लागले, आता तेच काम ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर होते. शेवटच्या तारखेची अडचण अशी की तिला नंतरच्या रिकाम्या फेऱ्यांचा आधार लागतो. तुम्ही ३० मार्चला ब्लूथ्रोट पाहिला आणि त्यानंतर गेलाच नाहीत, तर ३० मार्च ही पक्ष्याची शेवटची तारीख होत नाही, तुमची होते. त्यानंतर तीन-चार वेळा त्याच बांधावर तेवढाच वेळ देऊन तो दिसला नाही, तर मात्र ती तारीख बोलते. म्हणून पक्षी गेले असे वाटल्यावरही जात राहा, दरवेळी पूर्ण यादी भरा, सुरुवातीची वेळ, कालावधी आणि अंतर लिहा. पाच पक्षी दिसले तरी पाचांचीच यादी द्या. दहा वेगवेगळ्या तलावांना एकेकदा भेट देण्यापेक्षा एकाच तलावाला दहा वेळा दिलेली भेट या हंगामात कितीतरी मोलाची.

पायांत कडे, रंगीत झेंडी किंवा गळ्यात पट्टा असलेला पक्षी दिसला तर रंग, कोणत्या पायावर, गुडघ्याच्या वर की खाली आणि अक्षरे वाचता आली तर ती, एवढे टिपा, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९२७ पासून पक्ष्यांना कडी घालण्याचे काम करते आहे. मंगोलियात गळ्यात पट्टे घातलेले पट्टकादंब भारतातल्या जलाशयांवर वाचले गेलेले आहेत. अशी एक नोंद दोन देशांमधली रेघ पक्की करते. आपला भाग ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गात येतो, तो ३० देशांतून जातो आणि त्यावर १८० हून अधिक जातींचे पाणपक्षी अवलंबून आहेत.

त्रास देण्याबद्दल स्पष्टच लिहितो. या आठवड्यांत पक्ष्याला एकदा उडवणे हे डिसेंबरात उडवण्यासारखे नसते. तो जी चरबी हजारो किलोमीटरसाठी साठवतो आहे तीच तुम्ही त्याला फुकट जाळायला लावता. भिगवणला किंवा अन्य कुठे बोटीने जात असाल तर नावाड्याला आधीच सांगा की थवा उडालेला नको आहे, लांबून चालेल. पक्ष्यांनी माना वर करून खाणे थांबवले की तिथेच थांबायचे. ड्रोन नको. मोबाइलवर आवाज वाजवून वटवट्यांना बाहेर काढणे नको. आणि ओसरलेल्या पाण्याच्या वाळूवर, गाळपेराच्या कडेला चालताना पायाखाली बघा; नदी सुरय आणि लिटल प्रॅटिनकोल याच दिवसांत उघड्या वाळूवर अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात.

साधनांचे थोडक्यात. ८ × ४२ ची दुर्बीण पुरते. किनारपक्ष्यांच्या पोटाची रेषा आणि झेंड्यांवरची अक्षरे वाचायला स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) लागतो. स्वतःचा नसेल तर गटात एक असला तरी चालते. मार्चपासून उन्हाच्या झळांनी नऊनंतर दूरचा पक्षी थरथरता दिसतो, तेव्हा स्कोपमध्ये प्रतिमा आणखी मोठी करून काही मिळत नाही. सूर्य पाठीशी राहील अशी जागा सकाळसाठी एक आणि संध्याकाळसाठी एक, आधीच बघून ठेवा.

जागा तुमचा तलावच ठेवा. जमल्यास एकदा उजनीच्या फुगवट्याकडे, एकदा निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला जा. २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून ते जाहीर झाले. किनाऱ्यावर राहत असाल तर ठाणे खाडी आहेच. तिथे भरतीची वेळ पाहून जा. भरती चढताना चिखल बुडत जातो आणि पक्षी जवळ सरकतात. माळरानासाठी काढणी झालेले हरभऱ्याचे किंवा ज्वारीचे रान पुरते, भारीट आणि चंडोल तिथेच असतात.

मे उजाडल्यावरही काही किनारपक्षी चिखलावर दिसतील, राखी, न रंगलेले. ते जखमी असतीलच असे नाही. अनेक मोठ्या किनारपक्ष्यांची पहिल्या वर्षाची पिल्ले वीण करायच्या वयाची नसतात, ती प्रवासाची जोखीम न घेता उन्हाळा इथेच काढतात. त्यांना उशिरा निघालेल्यांत मोजू नका. यादीत त्यांच्या पिसांची स्थिती वेगळी लिहा, आणि जूनमध्ये पाऊस येईपर्यंत महिन्यातून एकदा त्यांना बघून या.